परकम्मेत सोबत कशी जोडावी, कशी सोडावी

नर्मदा परिक्रमेला, वाटेवरच्या बोलीत परकम्मेला, एकट्याने जावं का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: घरून एकट्यानेच निघा. मित्राला तयार करण्यात, त्याची रजा आणि आपली रजा जुळवण्यात, घरच्यांची समजूत काढण्यात वर्षं निघून जातात. एवढं करून नेलेली जोडी पहिल्या पंधरवड्यात फुटली की दोघांचाही विरस होतो. वाटेवर माणसं भेटतातच, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात तर भरपूर भेटतात. त्यांच्याबरोबर कसं चालायचं, किती दिवस चालायचं आणि कधी ‘नर्मदे हर’ म्हणून पुढे व्हायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. सॅकमध्ये काय भरावं याच्या याद्या सगळीकडे मिळतात. सोबतीबद्दल कुणी बोलत नाही, आणि परिक्रमा अर्ध्यावर सुटण्यामागे पायांच्या फोडांइतकाच सोबतीचा त्रास असतो, असं माझं निरीक्षण आहे.

पंढरीची वारी केलेल्यांनी एक फरक आधीच मनाशी पक्का करावा. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. तिथे दिंडी ठरलेली, मुक्काम ठरलेला, सामान ट्रकमध्ये, चहा-जेवण वेळेवर, आणि भांडण झालंच तर मिटवायला दिंडीतली जुनी माणसं हजर. परिक्रमेत यातलं काहीच नाही. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तीर मिळून सव्वीसशेच्या वर. धरणांच्या जलाशयांना घालावे लागणारे वळसे धरले तर पायी वाट तीन हजार किलोमीटरच्या पुढे जाते. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्याला चार-पाच महिने लागतात. शास्त्राप्रमाणे करणारे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस घेतात. एवढ्या लांबच्या वाटेवर सोबतीची व्यवस्था आपली आपल्यालाच लावावी लागते.

मूळ नियम थोडक्यात सांगतो, कारण सोबतीचे बरेच प्रश्न त्यांतूनच उभे राहतात. नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही. तिला मिळणाऱ्या उपनद्या ओलांडता येतात. देवउठनी एकादशीनंतर, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीनंतर निघायचं. आषाढीपासून कार्तिकीपर्यंतच्या चातुर्मासात चालायचं नाही. बहुतेक मराठी माणसं ओंकारेश्वरला दक्षिण तीरावर संकल्प करतात, तिथून पश्चिमेला समुद्रापर्यंत जातात, समुद्रातून नावेने उत्तर तीरावर येतात, पूर्वेला अमरकंटक गाठतात आणि दक्षिण तीराने परततात. बरोबर बाटलीत मैयाचं, म्हणजे नर्मदेचं, जल असतं. समुद्रसंगमावर आणि अमरकंटकला त्यातलं थोडं अर्पण करून तिथलं थोडं भरून घेतात. आधार कार्डाच्या प्रती आणि चार-सहा फोटो जवळ ठेवा. परिक्रमावासी असल्याचं पत्र किंवा वही करून घ्या आणि आश्रमांत तिच्यावर शिक्के घेत चला. वाटेत कुणी चौकशी केली तर ती वही तुमच्या वतीने बोलते.

निघण्याची तारीख ठरवताना तुम्हाला किती माणसं हवीत याचा विचार करा. एकादशीनंतरच्या आठवड्यात ओंकारेश्वरच्या घाटावर दाटी असते. त्या लाटेबरोबर निघालात तर सोबत विपुल मिळते, पण संध्याकाळी आश्रमात आसन लावायला जागा मिळेलच असं नाही. दोन-तीन आठवडे थांबून निघालात तर वाट मोकळी मिळते. एकट्याने पहिल्यांदाच निघणाऱ्याला मी हा दुसरा पर्याय सुचवतो. त्याहून उशीर मात्र करू नका. परतीच्या दक्षिण तीरावर ऊन तापू लागलं की दुपारचे चार-पाच तास सावलीत काढावे लागतात आणि रोजचा पल्ला निम्म्यावर येतो.

पहिल्या आठवड्यात कुणाशीही कायमची सोबत बांधू नका, हा माझा सर्वांत ठाम सल्ला आहे. पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी प्रेमाने म्हणतं, ‘चला, आता शेवटपर्यंत बरोबरच.’ मन हरखतं, कारण घर सोडून आल्याचा एकटेपणा त्या दिवशी सर्वांत जास्त टोचत असतो. पण आपलं शरीर कसं चालतं हेच अजून आपल्याला कळलेलं नसतं. पहाटे चारला निघणं सोसतं की उजाडल्यावर, दहा किलोमीटरनंतर थांबावं लागतं की पंधरा, जेवून लगेच चालता येतं की पाठ टेकावी लागते, हे उमजायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर दुसऱ्याच्या चालीशी चाल जुळवली तर गुडघा आणि घोटा आधी तक्रार करतात. वेगाने चालणाऱ्याला हळू चालणंही तितकंच बाधतं, याची पुष्कळांना कल्पना नसते.

त्या वेळी द्यायचं उत्तर तयार ठेवा. ‘माझी चाल अजून बसायची आहे. मी माझ्या चालीने येतो, संध्याकाळी भेटू.’ एवढं पुरतं. यात कुणाचा अपमान नाही आणि दारही उघडं राहतं.

पुढच्या सगळ्या प्रवासाची रीतही यातच आहे. दिवस आपापला, संध्याकाळ सगळ्यांची. सकाळी निघताना बरोबरच्यांना विचारायचं, आज आसन कुठे? ठिकाण ठरलं की ज्याने त्याने आपल्या गतीने तिथे पोचायचं. वाटेत चहाला भेटलात तर उत्तम, नाही भेटलात तरी कुणी कुणासाठी खोळंबायचं नाही. ज्या वाटा चुकवणाऱ्या आहेत तिथे मात्र अपवाद करा. इंदिरा सागरच्या जलाशयाभोवती जुनी तीरवाट पाण्याखाली गेली आहे. हरसूद हे गावच २००४ मध्ये बुडालं. तिथे मैया दिवसदिवस दिसत नाही, शेतातल्या आणि जंगलातल्या वाटा फुटत राहतात. बरगी धरणाच्या मागेही असंच होतं. अशा टापूंत दोघा-तिघांनी नजरेच्या टप्प्यात राहून चालावं, प्रत्येक फाट्यावर मागच्याची वाट पाहावी आणि गावकऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

संध्याकाळ आश्रमात कशी घालवता यावर तुमची सोबत ठरते. दिवस मावळायच्या आत पोचा. आश्रमात विचारतात, ‘कितनी मूर्ति?’ म्हणजे किती जण. आपल्यापुरतं खरं सांगा. मागून येणार आहेत की नाहीत याची खात्री नसलेल्यांची जागा अडवून ठेवू नका, कारण त्या जागेसाठी कुणीतरी दुसरा पाय ओढत येत असतो. आसन मिळालं की आधी आश्रमातल्या महाराजांना किंवा मातारामना, म्हणजे आश्रम सांभाळणाऱ्या बाईंना, भेटून काही काम आहे का विचारा. झाडू, भाजी चिरणं, पाणी भरणं, जेवणानंतर भांडी. दिवसभर चालून आलेल्याला हे जड जातं, पण जिथे मी कामाला हात लावला तिथे माणसं आपोआप जोडली गेली. ओसरीवर बसून तास-तास गप्पा मारूनही जो परिचय होत नाही, तो एका परातीत कणीक मळताना होतो.

काही ठिकाणी तयार भोजन-प्रसादी मिळते, काही ठिकाणी सदाव्रत, म्हणजे कच्चा शिधा: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची, कधी थोडं तेल. एकट्यासाठी चूल पेटवायची म्हणजे सरपणही वाया आणि जीवही. तीन-चार जणांनी शिधा एकत्र केला की एकजण टिक्कड थापतो, एकजण डाळ बघतो, एकजण लाकडं आणतो. इथे माणूस लवकर कळतो. कोण आधी स्वतःचं पान वाढून घेतो, कोण दमलेल्या म्हाताऱ्याला बसतं करून स्वतः फुंकणी हातात घेतो, कोण मीठ कमी पडलं म्हणून रागावतो, ते दोन संध्याकाळींत लक्षात येतं. पुढच्या अवघड टप्प्यासाठी सोबती निवडायचे तर चुलीपाशी पाहून निवडा. किती परिक्रमा झाल्या, कोणते ग्रंथ वाचले, कोणत्या महाराजांचा अनुग्रह आहे, यांवरून निवडू नका.

या वाटेवर सगळ्या तऱ्हेची माणसं असतात. कुणी मौनात चालतं, कुणी फक्त स्वतःच्या हाताने शिजवलेलं खातं, कुणी अनवाणी असतं, कुणी नियम म्हणून पैशाला हात लावत नाही. दुसऱ्याच्या नियमाचं कारण विचारू नका आणि आपला नियम दुसऱ्याला लावू नका. आश्रमातली बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात: बूट घालून चालणाऱ्याची परिक्रमा खरी की अनवाणी चालणाऱ्याची, गाडीने करणाऱ्याला परकम्मावासी म्हणावं की नाही. असा विषय निघाला की उठून जपाला बसावं. काही साधूंच्या धुनीपाशी चिलीम फिरते. ती नको असेल तर हात जोडून ‘नर्मदे हर’ म्हणा. कुणी आग्रह करत नाही. फोटो काढण्याआधी विचारा, आणि मौनी माणसाचा तर काढूच नका, कारण त्याला नकार देता येत नाही.

पैशाचा व्यवहार सोबत्यांशी शक्यतो ठेवू नका. चहाचे पैसे आज तुम्ही, उद्या त्याने, इतपत ठीक. उसने मागणारा खरा गरजू असेल तर परतीची अपेक्षा न ठेवता जमेल तेवढं द्या आणि विसरा. आपल्याजवळ किती रोकड आहे, निवृत्तिवेतन किती येतं, मुलगा कुठे नोकरीला आहे, हे ओसरीवर सांगायचं कारण नाही. आश्रमातून निघताना दानपेटीत यथाशक्ती टाका. सेवा मोफत असली तरी पीठ विकतच येतं.

आता शूलपाणीची झाडी. दक्षिण तीरावर बडवानी सोडल्यावर सातपुड्याचे डोंगर लागतात. एक वाट डोंगरातून, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या बाजूने गुजरातेत उतरते. दुसरी सडकेची, शहादा-प्रकाशा-तळोदा अशी डोंगराला वळसा घालून जाते. जुन्या वर्णनांत या झाडीत परिक्रमावासीयांना लुटून अंगावरच्या वस्त्रानिशी सोडत असत, असं वाचलेलं असतं आणि तीच भीती मनात बसलेली असते. आज तिथे परिक्रमावासीयांसाठी सेवा उभ्या आहेत. डोंगरातली आदिवासी कुटुंबं स्वतःच्या घरात ओसरी रिकामी करून देतात. भीती बाळगण्याचं कारण उरलेलं नाही, काळजी घेण्याचं मात्र आहे: चढ-उतार कठीण, वस्त्या विरळ, दवाखाना दूर, फोनला अनेक ठिकाणी रेंज नाही. पाय मुरगळला तर एकट्याचे हाल होतात. म्हणून एकट्याने निघालेल्यानेही हा टप्पा तिघा-चौघांत करावा. बडवानीच्या अलीकडे एक-दोन दिवस थांबायची तयारी ठेवा आणि ज्यांच्याबरोबर चुलीपाशी जमलं त्यांना विचारा. दहा-बारा जणांचा मोठा गट करू नका. डोंगरातल्या एका घरावर एवढ्या माणसांच्या जेवणाचा भार टाकणं बरं नव्हे.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने या खोऱ्यातली घरं आणि शेतं गेली. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्याखाली गेलं, आणि नवं गोरा गावात उभं आहे. याच खोऱ्यातलं मणिबेली हे आपल्या महाराष्ट्रातलं गाव, अक्कलकुवा तालुक्यातलं. नर्मदा बचाव आंदोलनाने खोऱ्यात मुलांसाठी चालवलेल्या जीवनशाळा याच भागात आहेत. या माणसांकडे फक्त सेवा देणारे म्हणून पाहू नका. त्यांच्या अंगणात बसा, पाणी कुठपर्यंत आलं ते विचारा, त्यांचं ऐका. सहयात्री म्हटलं की आपल्याला पाठीवर सॅक असलेला माणूस दिसतो. पण ज्यांच्या जमिनीतून आपण चालतो त्यांनाही मी सहयात्रीच मानतो, आणि वाटेवरची त्यांची सोबत मला सर्वांत मोलाची वाटते. मुलांना चॉकलेटं वाटत जाऊ नका. काही द्यायचंच असेल तर शाळेत वह्या-पेन्सिली द्या.

गुजरातेत उतरल्यावर वाट सोपी होते. समुद्राजवळ विमलेश्वर-कठपोरच्या बाजूला मात्र सगळ्यांना थांबावं लागतं, कारण नाव भरतीच्या वेळेवर सुटते. कधी मध्यरात्री, कधी पहाटे. कधी एक-दोन दिवस थांबूनच जागा मिळते. पुढे गेलेले, मागे राहिलेले, महिन्याभरापूर्वी निरोप घेतलेले असे सगळे इथे पुन्हा भेटतात. नावेत गर्दी असते, ऊन लागतं, काहींना मळमळतं. आपल्या जवळच्या वयस्कर माणसाला आधी चढवा, पाणी जवळ ठेवा, लाइफ जॅकेट असेल तर घाला आणि नसेल तर मागा. मिठी तलाईला उतरल्यावर सगळी गर्दी एकदम उत्तर तीरावर सुटते. शांतता हवी असेल तर तिथे एक दिवस काढा. पुढचे दोन आठवडे निवांत मिळतात.

उत्तर तीरावर मराठी माणसाला आपलंसं वाटावं अशी दोन ठिकाणं लागतात. नारेश्वर हे रंगावधूत महाराजांचं स्थान. त्याच्या पुढे गरुडेश्वर, माणगावच्या वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींची समाधी. ते १९१४ मध्ये इथे समाधिस्थ झाले. इथे कानावर मराठी पडते आणि मराठी घोळके जमतात. दोन दिवस मनसोक्त मराठीत बोला, दत्ताची पदं म्हणा. पण पुढे निघताना त्या घोळक्यातच अडकू नका. जगन्नाथ कुंट्यांचं किंवा भारती ठाकूरांचं परिक्रमेवरचं पुस्तक वाचून आलेले आपण सगळे मनात तीच परिक्रमा घेऊन आलेलो असतो, आणि एकत्र चाललो की पुस्तकातल्या जागा शोधत राहतो. निमाडी शेतकरी, बुंदेलखंडातून आलेली म्हातारी जोडपी, गुजराती व्यापारी यांच्याबरोबर मोडक्या हिंदीत चालून पाहा.

एकट्या जाणाऱ्या बायांसाठी काही गोष्टी वेगळ्या. भारती ठाकूर मैत्रिणींबरोबर गेल्या होत्या. आता पूर्ण एकट्या जाणाऱ्या बायाही वाटेवर दिसतात. वाटेवर त्यांना ‘माताराम’ म्हणून मान मिळतो आणि गावातली घरं हक्काने बोलावतात. मुक्कामासाठी जिथे कुटुंब राहतं ते घर किंवा जिथे बायका सेवेला आहेत तो आश्रम निवडा. एकच साधू असलेल्या निर्जन कुटीत थांबू नका, तो कितीही सज्जन असला तरी. न्हाणीघर नसेल तर नदीवर गावातल्या बायकांच्या वेळेला जा. उद्याचा मुक्काम ओसरीवर मोठ्याने जाहीर करू नका. घरच्या एकाच माणसाला तो रोज कळवा, आणि रेंज नसलेल्या टापूत शिरण्याआधी किती दिवस फोन येणार नाही तेही सांगा. दुसऱ्या एकट्या बाईशी सोबत जमली तर ती टिकवायचा थोडा जास्त प्रयत्न करा. एखाद्या पुरुषाची सोबत खटकू लागली तर कारणं देत बसू नका, गावात थांबा आणि त्याला पुढे जाऊ द्या.

सोबत सोडण्याचा प्रसंग सगळ्यांवर येतो. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं. एकाला घोरण्याचा त्रास होतो, एकाचा फोन सारखा वाजतो, एक वाटभर राजकारण बोलतो, एक प्रत्येक आश्रमात पुढे होऊन सर्वांच्या वतीने बोलतो. मनात साठवू नका. आधी एकदा सरळ सांगून पाहा. फरक पडला नाही तर सकाळी, चहा झाल्यावर, चेहऱ्यावर राग नसताना सांगा: ‘आज मी इथेच थांबतो, तुम्ही व्हा पुढे.’ रात्री भांडून, अंधारात सॅक उचलून कुणी निघू नये. एक दिवस मागे राहिलं की वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर आपोआप पडतं. काही सांगायला नको, स्पष्टीकरणं नकोत. ज्याने निरोप घेतला त्याच्यावरही राग धरू नका, त्याला आपलीच चाल सोसली नसेल. माझ्याबरोबर बरेच दिवस चाललेले एक निवृत्त शिक्षक एका सकाळी शांतपणे म्हणाले, आता मला थोडं गप्प चालायचंय. मला वाईट वाटलं, आणि चार दिवसांनी त्यांचं म्हणणं पटलं. पुढे अमरकंटकला आम्ही भेटलो ते अधिक मोकळेपणाने.

आजारपणात मात्र रीत उलटी. सोबत्याला ताप आला, जुलाब लागले, पाय सुजला तर त्याला सोडून जाऊ नका. तुमची तारीख चुकली तरी चालेल. त्याला दवाखान्यात न्या, घरी फोन करा, त्याच्या घरचं कुणी येईपर्यंत किंवा आश्रमातलं कुणी जबाबदारी घेईपर्यंत थांबा. यासाठीच पहिल्या ओळखीत एकमेकांच्या घरचा एक-एक फोन नंबर कागदावर लिहून घ्यावा, मोबाइलची बॅटरी संपते म्हणून कागदावर. आपली औषधं कोणती, कशाची ॲलर्जी आहे, मधुमेह आहे का, हे एकाला तरी ठाऊक असावं. आणि आजारी तुम्ही असाल तर ‘माझ्यामुळे तुमचं नको थांबायला’ असा संकोच करू नका. सेवा घेणं शिकायलाही ही वाट चांगली आहे.

अमरकंटकला पोचाल तेव्हा थंडी असण्याचा संभव जास्त. तिथे रात्री पारा बराच खाली जातो. एक जाड कांबळं कमी पडतं, आणि हलकं सामान ठेवण्याच्या हट्टापायी पुष्कळांनी स्वेटर आधीच वाटेत देऊन टाकलेला असतो. तसं करू नका. माईच्या बगियाकडून उगमाला वळसा घालून तुम्ही पुन्हा दक्षिण तीरावर येता. इथून परतीची वाट. एव्हाना चाल बसलेली असते, सोबतीची ओढही कमी झालेली असते. आता जाणूनबुजून काही दिवस अगदी एकटे चाला. रोज नव्या माणसाबरोबर तासभर चाललात तरी चालेल, पण संध्याकाळी कुणाला भेटायचं बंधन ठेवू नका.

एवढ्या लांब जाण्याआधी आपल्याला अनोळखी माणसांत चालणं कितपत मानवतं हे पाहायचं असेल तर चैत्रात गुजरातेत तिलकवाडा-रामपुरा भागात उत्तरवाहिनी परिक्रमा होते. साधारण एकवीस किलोमीटर, एका दिवसाची. तिच्यात नदी नावेने ओलांडतात, कारण ती पूर्ण वेगळी, छोटी प्रदक्षिणा आहे. एकट्याने जा, वाटेत कुणाशी बोलावंसं वाटतं आणि कुणापासून दूर जावंसं वाटतं ते पाहा.

परतताना ओंकारेश्वरच्या जवळ आलात की एक काळजी घ्या. ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे. परिक्रमा पूर्ण झाल्याची पूजा होईपर्यंत पुलावरून पलीकडे जायचं नाही, मग आधी पोचलेले सोबती बेटावरून कितीही हाका मारोत. पूजा, कढाई (शिऱ्याचा नैवेद्य) आणि कन्याभोजन दोघा-तिघांनी मिळून केलं तर खर्च वाटला जातो. वाटेत मागे पडलेला एखादा सोबती एक-दोन दिवसांवर असेल तर त्याला फोन करून थांबा. मग बाटलीतलं जल घेऊन पूल ओलांडा आणि ते ओंकारेश्वराला वाहा.